टेकला म्हणजे टेकला

"काका, चुकून पडला हो पत्ता." "टेकला का?" "टेकला, पण..." "टेकला म्हणजे टेकला." हा संवाद ज्यांच्या कानावरून गेलेला नाही, त्यांनी एक तर पत्ते खेळलेले नाहीत किंवा फक्त मोबाइलवर खेळलेले आहेत. बाकीच्यांना टेकलेकाकांची ओळख करून द्यायला नको. वाळूजच्या कारखान्यांशेजारच्या बजाजनगरात ते दर सोसायटीला एक या प्रमाणात आढळतात; दोन झाले की पुढच्या वर्षी त्या गल्लीत दुसरं गणेश मंडळ निघतं. वय साठीच्या पलीकडे, अंगात बनियन, चष्मा कपाळावर, आणि वाळूजच्या कुठल्या तरी कंपनीतल्या क्वालिटी डिपार्टमेंटमधून निवृत्ती. हयातभर हातात गो-नो गो गेज धरल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू एक तर आत जाते किंवा जात नाही, मधलं काही नसतं, हा त्यांचा पक्का समज. मेंढीकोटात कुणी बदामाऐवजी चौकट काढली आणि जीभ चावून ती वरच्या वर मागे घेतली, तर काका खेळणाऱ्याकडे बघत नाहीत, वाकून सतरंजीकडे बघतात. सतरंजीची सुरकुती हलली असेल तर टेकला. आणि हा कायदा पत्त्यांपुरता राहत नाही. भाजीवाल्याच्या तराजूत वांगी टेकली की भाव ठरला, वर कोथिंबीर मागायची नाही. पाहुण्याने चहाचा कप ओठाला टेकवला की साखर कमी असल्याची तक्रार बाद. मुलीच्या स्थळाकडच्यांनी सुपारी पाटावर ठेवल्यावर मानपानाचा विषय काढला, तेव्हाही काका तेच म्हणतात, आणि त्यांच्या घरातल्यांना ते त्या वेळी पहिल्यांदाच पटतं.

असा माणूस डावाची मजा घालवतो, हा त्यांच्यावरचा सार्वत्रिक आरोप. माझं मत उलट आहे. डाव चालतो तो काकांमुळे, आणि हे पटण्यासाठी जिथे असा माणूस पगार देऊन ठेवावा लागतो तिथे बघावं. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. (२०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला मनाई आहे, बजाजनगरच्या माणसाला मात्र मुक्त प्रवेश. पाहुणचार म्हणतात तो हा.) तिथल्या पोकरच्या टेबलाशी एक डीलर बसतो. तो स्वतः खेळत नाही. तो पत्ते पिसतो, वाटतो, मधली रास मोजतो आणि पाळी कुणाची ते सांगतो. तुम्ही नोटा त्याच्या हातात द्यायला गेलात तर तो घेत नाही. नोटा टेबलावर ठेवायच्या, वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा. पाळी संपवून उठताना तो दोन्ही तळवे उघडे करून दाखवतो, त्यात चिप लपलेली नाही हे कळावं म्हणून. एवढं असूनही वाद झालाच, तर निवाडा डीलरही करत नाही. तो फ्लोअर मॅनेजरला हाक मारतो, आणि मॅनेजर म्हणेल ते अखेरचं. म्हणजे एका टेबलाला एक वाटणारा, एक ठरवणारा आणि एक बघणारं यंत्र. बजाजनगरात ही तिन्ही पदं एकाच बनियनमध्ये बसतात, तीही बिनपगारी.

आता तिथल्या चुका पाहिल्या तर त्या आपल्याच निघतात. पोकरमध्ये तोंडातून 'रेज' गेलं की गेलं, रक्कम वाढवावीच लागते. "मी सहज म्हणालो" चालत नाही. न बोलता एकच मोठी चिप टाकली, तर ती कितीही मोठी असो, समोरच्याशी बरोबरी केली एवढाच तिचा अर्थ धरतात. आधी थोड्या चिप्स सरकवून, समोरच्याचा चेहरा वाचून, मग "थांबा, अजून एवढ्या" म्हणणं बाद. पाळी नसताना बोलणं वाईट, कारण तुमच्या 'पॅक'मुळे अजून न बोललेल्याला फुकटची माहिती मिळते. जिंकणारे पत्ते हातात असताना ते मुद्दाम सावकाश, समोरच्याला तळमळवत उघडणं नियमात बसतं, पण असभ्य समजलं जातं. आणि एका हाताला एकच खेळाडू: मागे उभ्या माणसाने सल्ला द्यायचा नाही. यातली कोणती चूक आपल्या सतरंजीवर होत नाही? मागे उभा राहून भिडूच्या पत्त्यांकडे बघत नुसतं "च्च" करणारा शेजारी, हे तर मराठी पत्त्यांचं अधिकृत त्रेपन्नावं पान. टेकलेकाका त्याला उठवत नाहीत, डावाकडे पाठ फिरवून बसायला लावतात. तो तसा बसतोही. कारण घरी गेलं तर दळण आणायला लागतं.

पण मित्रमित्रांत कसले आलेत नियम, खेळ तर आहे, असं कुणी म्हणेल. हा आक्षेप पोकरवाल्यांनाही ठाऊक होता, आणि तो खोटा ठरला म्हणूनच २००१ साली पोकरच्या स्पर्धा-संचालकांना एकत्र येऊन नियम एकसारखे करावे लागले; तोवर दर क्लबचा कायदा वेगळा होता. बजाजनगरची गत त्याहून अवघड. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि बीड, जालना, परभणी, बुलडाणा, खानदेश, नगरकडून माणसं आली. येताना भाकरीची चव आणली, देव आणले, आणि पत्त्यांचे आपापल्या गावचे नियमही आणले. एकाच्या गावात मेंढीकोट बंद हुकमाचा, तर दुसऱ्याच्या गावात जो पहिल्यांदा दुसरा रंग टाकेल त्याचा पत्ता तोच हुकूम. रमीत एक्क्याचे कुणाकडे दहा गुण, कुणाकडे एक. आणि तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री? कुणाच्या मते ती सगळ्यात मोठी सिक्वेन्स, कुणाच्या मते एक्का-राजा-राणीच्या खालची, कुणाच्या मते सगळ्यात लहान. हे तिघेही आपापल्या गावी बरोबर असतात. एका रो हाऊसच्या ओट्यावर ते एकत्र बसले की मात्र तिघांपैकी दोघांचं गाव चुकीचं ठरवावं लागतं, आणि ते ठरवणाऱ्याला आयुष्यभर शिव्या खाव्या लागतात. मैत्री आहे म्हणून नियम नको, हे म्हणणं म्हणूनच उलटं आहे. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर टेबल बदलता येतं. शेजाऱ्याशी झालं तर नळाला पाणी येण्याच्या वेळी रोज भेट होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. डीलर खेळत नाही. काका खेळतात आणि निवाडाही करतात. हा सरळसरळ हितसंबंधांचा मामला झाला. तत्त्वतः मान्य. पण कुठल्याही काकांचा हिशेब तपासा, गेल्या दहा गणपतींत ते जिंकल्याचं कुणालाही आठवत नाही. स्वतःचा पत्ता घसरला तर समोरच्याच्या लक्षात यायच्या आत तेच "टेकला" म्हणतात आणि हात घालवतात. त्यांच्या भिडूने आपणहून त्यांना निवडल्याचंही कुणी पाहिलेलं नाही. चिठ्ठी टाकून ठरतो तो. न्यायाधीश पक्षपाती असण्याची भीती रास्त असते, पण इथे पक्षपात झालाच तर तो स्वतःच्या विरोधात होतो, आणि खरी तक्रार भिडूची असायला हवी.

काकांचा हा कायदा सरकारला कुठे जमतो, बघा. जुगारबंदीचा आपला कायदा १८८७ सालचा, अजून चालू. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आणि तीन पत्ती निव्वळ नशिबाचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगून ठेवलं. काकांना हा निकाल पाठ आहे आणि शो झाला की ते तो ऐकवतात, विशेषतः हरलेल्याला. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोला परवानगी देणारा आणि कर लावणारा कायदा विधिमंडळात मंजूर केला, पण तो अमलात कधी आणलाच नाही, आणि २०२३ साली रद्द करून टाकला. हे नीट लक्षात घ्या: पत्ता टाकला, सगळ्यांनी पाहिला, आणि ४७ वर्षांनी उचलून परत हातात घेतला! वाळूजच्या कुठल्याही ओट्यावर असं करून बघावं. कॅसिनो नकोत, हे काकांनाही मान्य आहे; त्यांचं दुःख फक्त पद्धतीबद्दल आहे.

काकांवर खरा घाला घातला तो मोबाइलने. अ‍ॅपवरच्या रमीत पाळी नसताना पत्ता टाकताच येत नाही, वाटप चुकत नाही, चुकीचा शो केला की ऐंशी गुण आपोआप अंगावर येतात. चूकच होत नाही म्हटल्यावर निवाडा कशाचा करणार? जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असं मंत्र्यांनी सांगितलं, आणि महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं जाऊन त्यांना क्रीडा खातं मिळालं. या प्रकरणात बोट पडद्याला टेकलं होतं की नाही, हे सांगायला शेजारी एकही टेकलेकाका नव्हते. पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. अ‍ॅपवरचे पैशांचे डाव बंद झाले, पण अ‍ॅपवर गेलेली पोरं काही सतरंजीवर परत आली नाहीत. ती आता रील्स बघतात. गणपतीच्या जागरणाला मंडपात सतरंजीवर पत्ते मांडून ठेवलेले असतात, तिघं जमतात, आणि चौथ्यासाठी काका दर दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येतात.

त्यांच्या न्यायात एक भोक मात्र आहे, आणि ते सांगायला हवं. पोकरच्या त्या स्पर्धा-संचालकांच्या नियमावलीत पहिलंच कलम असं, की विलक्षण प्रसंगी न्याय्य निर्णय तांत्रिक नियमाच्या वर धरावा. टेकलेकाकांनी ती नियमावली पाहिलेली नाही. पण तिसरी पाळी करून थेट मंडपात आलेला, डोळे मिटत चाललेला एखादा हेल्पर खेळायला बसतो, पेंगतो, आणि त्याच्या बोटांतून हुकमाचा एक्का उलटा होऊन सतरंजीवर पडतो. सगळे काकांकडे बघतात. काका चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतात, एक्का उचलून पोराच्या हातात परत खोचतात आणि म्हणतात, "हा पडला. टेकला नाही." प्रतिस्पर्ध्यांनी कितीही आरडाओरड केली तरी हा निकाल फिरत नाही, आणि का फिरत नाही याचं कारणही मिळत नाही. रंगीबेरंगी चिप्स आणि वर कॅमेरे असलेल्या टेबलावर हेच काम करायला फ्लोअर मॅनेजर लागतो.

तेव्हा यंदा मंडपात सतरंजी अंथरली की तुमच्या सोसायटीतल्या काकांना हाक मारा. फक्त एक्का-दुर्री-तिर्री मोठी की लहान, हे वाटप सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या. पहिला पत्ता टेकल्यावर केलेला नियम ते मानत नाहीत.