थांबेकाका

थांबे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते आमच्या डोंबिवली-सीएसटी फास्टच्या ग्रुपने २००६ साली ठेवलं. बारसं घाटकोपर ते कुर्ला एवढ्या अंतरात उरकलं. निमित्त असं झालं, की ग्रुपमधला एक जण दिवाळीचा बोनस खिशात घालून मोबाइल घ्यायला निघाला होता. चौथ्या सीटवर अर्धेमुर्धे टेकलेले काका म्हणाले, "थांबा. दिवाळीनंतर नवीन मॉडेल येतंय, जुन्याची किंमत उतरेल." तो बिचारा थांबला. दिवाळी झाल्यावर काका म्हणाले, "आता मार्चपर्यंत कळ काढा." मार्चपर्यंत तो गृहस्थ बायकोला 'उशीर होतोय' हे सांगायला एक रुपयाच्या लाल डब्यापुढे रांग लावत होता.

काकांची स्वतःची गरज अगदी माफक. "मला काय हो, दोनच कामं. मेल बघायचे आणि नेटवर चार गोष्टी वाचायच्या." धाकटा भाऊ न्यूजर्सीला असतो, महिन्याकाठी त्याचा एक मेल येतो. तो काका फोर्टातल्या ऑफिसच्या संगणकावर, साहेबांची पाठ वळली की, वाचायचे. एवढ्यासाठी हातात मावेल असं एखादं यंत्र हवं, इतकंच. 'मुलगी साधी चालेल' म्हणणारे लोक जसे पन्नास ठिकाणचे पोहे खाऊन घरी येतात, तशी ही माफक गरज काकांना सतरा वर्षं पुरली.

त्यांच्याकडे हिशेबाची लांब वही होती. तिच्यात पट्टीने आखलेले रकाने: किंमत, वजन, बॅटरी, पडद्याची इंचांतली मापं, आणि एक रकाना 'ढकलतो की ओढतो' असा. हा काय प्रकार म्हणून मी एकदा विचारलं, आणि ठाण्यापासून दादरपर्यंतची माझी झोप गेली. "ब्लॅकबेरी मेल ढकलतो," काका म्हणाले. "म्हणजे पोस्टमन दारात येऊन हाक मारतो. बाकीचे फोन मेल ओढतात. म्हणजे आपणच दर पंधरा मिनिटांनी पोस्टात जायचं आणि 'आमचं काही आहे का हो?' म्हणून विचारायचं. तेवढी बॅटरी जाते." मला हे इतकं पटलं, की मी म्हटलं, मग ब्लॅकबेरीच घ्या. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "महिन्याला एक पत्र येणार, आणि त्यासाठी दारात पोस्टमन बसवून ठेवू?" आणि ब्लॅकबेरीवर फुली मारली. तांबड्या शाईने.

शनिवारी हाफ डे असला की ते लॅमिंग्टन रोडला जायचे. तिथले दुकानदार त्यांना लांबून ओळखत. नवा मुलगा कामाला लागला, की त्याला माल समजावून द्यायला थांबेकाकांपुढे उभा करत. तास-दोन तासांत मुलगा तयार व्हायचा. फक्त गिऱ्हाईक काहीच न घेता जातं याचं त्याला वाईट वाटायचं, तेही पुढे सवयीने कमी व्हायचं.

तो केबीच्या हिशेबाने पैसे मोजायचा काळ. एक पान उघडेपर्यंत मुंब्रा मागे पडायचं. अशात ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर आला आणि काकांना तो घरच्या माणसासारखा वाटला, कारण तो काटकसरी होता. पान थेट फोनवर न आणता तो ते आधी कंपनीच्या मोठ्या संगणकांवर न्यायचा, चेपायचा, आणि बारीक पुडी करून आपल्याकडे पाठवायचा. दुखणं एकच, मराठी वर्तमानपत्र उघडलं की अक्षरांऐवजी नुसते चौकोन. त्यावरचा उतारा काकांना ठाऊक होता: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', मग कोलन, मग 'कॉन्फिग' असं टाइप करायचं, खाली तळाशी जाऊन एका सेटिंगला 'येस' म्हणायचं, की अक्षरं चित्रं होऊन येतात आणि मराठी दिसायला लागतं. आमच्या डब्यातल्या निदान तीस जणांना काकांनी अग्रलेख वाचायला लावले. शेजारच्या डब्यातली माणसं फलाटावर त्यांना गाठून फोन पुढे करायची. ते सेट करून द्यायचे, अर्धा अग्रलेख वाचून खात्री करायचे आणि फोन परत द्यायचे. स्वतःच्या खिशात नोकिया ११००, ज्यात वाचण्यासारखं काही नाही. टॉर्च मात्र आहे.

नुसत्या आकड्यांवर काकांचा विश्वास नव्हता. २००८ मध्ये नोकियाचा ई-७१ आला, बारक्या बटणांचा अख्खा कीबोर्ड असलेला, तेव्हा काका पहिल्यांदाच डगमगले. माप ११४ बाय ५७ बाय १० मिलिमीटर, वजन १२७ ग्रॅम. त्यांनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून, थरावर थर चिकटवून, तंतोतंत त्या मापाचा फोन तयार केला. वजन भरेना म्हणून आत रुपयाची चोवीस नाणी घातली. वाण्याच्या काट्यावर तोलून आणलं. मग त्याला चामडी कव्हर घेतलं, खरं, दुकानातलं, एकशे ऐंशी रुपयांचं. हा ऐवज शर्टाच्या खिशात घालून ते आठवडाभर प्रवास करणार होते. खिसा ओघळतो का, चढताना मागच्याचं कोपर लागतं का, वाकलं की पडतो का, सगळं बघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दादरला पाकीटमाराने तो मारला.

काका तो शोधायला चर्चगेटपर्यंतही गेले असते, इतके बिथरले. "अहो, माप गेलं!" एवढंच म्हणत होते. आम्ही कसंबसं हसू दाबलं; एकाला ते जमेना, तो दाराशी जाऊन उभा राहिला. त्या चोराचं घरी गेल्यावर काय झालं असेल याची कल्पना मी आजही कधीकधी करतो. कव्हर उघडलं, आत कुणाचा तरी 'शुभविवाह', आणि त्याच्या पोटात चोवीस रुपये. दुसऱ्या दिवशी काका शांत होते. वहीत एक रकाना वाढला होता: 'चोरांची पसंती'. ई-७१ पुढे तिथे 'जास्त' असं लिहून त्यांनी त्याचं नाव खोडलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयफोन रीतसर भारतात आला आणि ग्रुपमधल्या एका कंपनीवाल्या मुलाने तो ३१,००० रुपये मोजून घेतला. आठ जीबीचा. डब्यात दर्शनाला रांग लागली. काकांनी वड्याची बोटं रुमालाला पुसली, एक बोट काचेवर फिरवलं, आणि विचारलं, "बटणं नाहीत. म्हणजे टाइप करताना बघावं लागणार. एका हातात कडी, दुसऱ्यात फोन, नाकासमोर परक्याची पाठ. बघणार कुठून?" या प्रश्नाला त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. प्रश्न खोटा नव्हता. हवा खाणारे अमेरिकन लोक आणि कडीला लटकणारा डोंबिवलीकर यांना एकच फोन कसा चालेल? काका घरी कपडे वाळत घालायच्या दांडीला एका हाताने लोंबकळून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप करायचा सराव करतात, असं आम्हाला काकूंकडून कळलं. फोन नव्हताच, टीव्हीचा रिमोट घेऊन.

पुढे टॅब्लेट आले. २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सरकारचा स्वस्त 'आकाश' निघाला, तेव्हा तो बिगरविद्यार्थ्याला मिळतो का याची काकांनी चौकशी केली. मग त्यांचं मत झालं, की वाचायला फोन लहान आणि खिशाला टॅब्लेट मोठा, मधलं काहीतरी येईल, थांबावं. आणि आलं की हो! फोन दरसाल वाढत गेले. खिसा अपुरा पडू नये म्हणून काकांनी शिंप्याकडून मोठ्या खिशांचे चार शर्ट शिवून घेतले. त्या खिशांत ते वही ठेवायला लागले. २०१६ मध्ये जिओची सिमकार्डं घ्यायला सगळी डोंबिवली रांगेत उभी राहिली. काका म्हणाले, "फुकट आहे ना? मग पुढे घेतील." पुढच्या एप्रिलपासून घ्यायला लागले.

इथे कबूल करायला हवं, की या माणसाचं एकही भाकीत चुकलेलं मला आठवत नाही. माझ्या टेबलाचा खण उघडलात तर ई-६३ आहे, एक विंडोजवाला आहे, फुगलेल्या बॅटरीचा टॅब्लेट आहे, कशालाच न लागणारे सहा चार्जर आहेत. त्यातला प्रत्येक घेताना काका मला 'थांबा' म्हणाले होते. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा कंपनीने कायमची बंद केली. डब्यात तेव्हा कुणाकडेही ब्लॅकबेरी उरला नव्हता, तरी काकांनी सगळ्यांना वडे सांगितले. घरात कुणी बोर्डात आल्यासारखे खुशीत होते.

काकूंचं तंत्र वेगळं. नाक्यावर त्या कोथिंबीर आणायला गेल्या होत्या, शेजारच्या दुकानात लाल रंगाचा एक फोन दिसला, घेऊन आल्या. दहा मिनिटं. कोथिंबिरीला जास्त वेळ लागला, म्हणाल्या, शिळी होती. त्या फोनवर भाऊजींचे मेल येतात, नातवंडांचे फोटो येतात, पुरणपोळी फुटू नये म्हणून काय करावं तेही येतं. काका तो फोन 'तात्पुरता' वापरतात आणि त्यातले दोष वहीत लिहून ठेवतात.

२०२३ मध्ये काका निवृत्त झाले. ग्रुपने वर्गणी काढली, फोनच द्यायचा ठरला, पण निवडायला कुणी पुढे होईना. शेवटी मी आडून काकांनाच विचारलं, एका ओळखीच्यांना द्यायचाय. "त्यांची कामं काय?" "दोनच. मेल बघायचे, नेटवर थोडं वाचायचं." काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. असा समानधर्मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. ठाण्यापासून ते बोलत होते, दादर आलं तेव्हा म्हणाले, "पण त्यांना म्हणावं, घाई नको. दसऱ्याचे सेल लागू देत."

मग रविवारी आम्ही पाकीट घेऊनच घरी गेलो. काकांनी ते मोजलं, आठवी वही उघडली आणि बजेटचा जुना आकडा खोडला. "यात वरच्या वर्गातले येतात की," म्हणाले. "म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून बघायला हवं."

आत काकूंचा फोन वाजला. "भाऊजींचा मेल आलाय," त्या पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येत म्हणाल्या. "वाचून दाखवू?"

काकांनी पट्टी वहीवर टेकवली, पेन्सिलीला टोक केलं.

"थांब," म्हणाले.