उलटी तबकडी

सैतान फार बिलंदर, असं आपण ऐकत आलो. पण अमेरिकेतल्या काही कडव्या पाद्रीबुवांचं खरं मानायचं, तर 1980 च्या दशकात त्याची मती चळली होती. सगळं जग नासवायला निघालेल्या या गृहस्थानं आपला निरोप रॉकच्या तबकड्यांत भरला, आणि तोही उलटा! तबकडी हातानं मागं फिरवल्याशिवाय कळायचाच नाही. एवढे उपद्व्याप पोरं कशाला करतील? ती सुलट गाणी लावून नाचत होती. सैतानाचं बोलणं तासन् तास कान देऊन ऐकलं ते पाद्रीबुवांनीच.

1986 साली ओहायोतल्या आयर्नटनमध्ये तर तो घोड्याच्या गाण्यात सापडला. ‘मिस्टर एड’ ही साठच्या दशकातली बोलक्या घोड्याची विनोदी मालिका. तिचं शीर्षकगीत उलटं लावलं की सैतानाचं नाव ऐकू येतं, असं एका प्रचारकानं सांगितलं आणि पोरांनी तबकड्यांची होळी केली. यातली किमया साधी आहे. काय ऐकू येणार ते आधी सांगून ठेवायचं. मग कुकरच्या शिट्टीतूनही शेजारणीचं नाव निघतं. आमचा वाल्या ‘मरा मरा’ म्हणत बसला, तर त्यातून राम निघाला. तिकडे उलट्यातून चुकूनही एखादं स्तोत्र निघत नाही.

होळीचं पुण्यही बेभरवशाचं. 1966 च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूच्या रेडिओ स्टेशननं बीटल्सच्या तबकड्या जाळल्या. दुसऱ्याच दिवशी त्या स्टेशनच्या मनोऱ्यावर वीज पडली. ती नेमकी कोणत्या खात्याकडून आली, हे विचारायची सोय नाही.

1983 मध्ये आर्कान्सॉच्या विधिमंडळानं उलटे निरोप असलेल्या तबकड्यांवर इशारा छापण्याचं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर बिल क्लिंटन यांनी ते परत पाठवलं. (त्यांना स्वतःला सॅक्सोफोनचा नाद. सुलट वाजवायचे.) ज्यांच्यावर बोट रोखलं होतं, त्यांत ‘स्टिक्स’ हा बँडही होता. त्यांनी त्याच वर्षीच्या आल्बममध्ये मुद्दाम एक खराखुरा उलटा निरोप घातला, वर इशाऱ्याची चिठ्ठीही डकवली. तो सुलट करून ऐकला की दोन लॅटिन वचनं निघतात. एक डॉलरच्या नोटेवर छापलेली असतात, आणि दर रविवारी चर्चच्या दानपात्रात पडतात, तीच.