ताटाबाहेरचा तपशील

वर्धा जिल्ह्यात राहावयाचे आणि स्वतःच्या उदरावर प्रयोग करून घेण्यास नकार द्यावयाचा, हे मला स्थानिक परंपरेस सोडून वाटते. मगनवाडीत १९३५ साली महात्माजींनी सोयाबीनचा प्रयोग आपल्या सहवाशांवर केला आणि त्याचा तपशील 'हरिजन'मध्ये छापून अवघ्या हिंदुस्थानास कळविला. पुढे सेवाग्रामी त्यांच्या पंक्तीला कडुनिंबाच्या पाल्याची चटणी पाहुण्यांच्याही पानात पडे, आणि ती खाताना मुद्रा प्रसन्न ठेवणे हा शिष्टाचाराचा भाग असे. योगायोग असा, की त्याच १९३५ साली तिकडे शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल या दोघा डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध करून, आज जिला पीसीओएस म्हणतात त्या व्याधीस वैद्यकाच्या दप्तरात रीतसर जागा मिळवून दिली. सोयाबीन आज आमच्या शेताशेतांतून उभे आहे, आणि त्या सात स्त्रियांच्या वंशात मी दाखल झालेली आहे.

दाखल होण्याची रीत अशी, की २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांची सभा भरली आणि तीत ठरले, की पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीत दिसणारी बीजकोशाची विशिष्ट आकृती या तीन लक्षणांपैकी कोणतीही दोन असली आणि दुसरा आजार नसला, म्हणजे निदान पक्के. माझ्यापाशी तिन्ही होती. त्यामुळे गावातल्या मोठ्या रुग्णालयात 'आहार व पीसीओएस' या विषयावर अभ्यास सुरू झाल्याचे कळताच, आयुष्यात प्रथमच मी एखाद्या जागेसाठी आवश्यकतेहून अधिक पात्र ठरले. संमतिपत्राचा मसुदा कित्येक पृष्ठांचा होता. कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता मला माघार घेता येईल, असे अभिवचन त्यात दिले होते. विवाहाच्या वेळी कोणी मला असा कागद दाखविल्याचे स्मरत नाही.

अभ्यासाची तजवीज दोन गटांची होती: एका गटाने भात, मैदा आणि साखर यांस रजा देऊन ज्वारी, कडधान्ये, भाज्या अशा रक्तातील साखर सावकाश वाढविणाऱ्या अन्नावर राहावयाचे, दुसऱ्याने प्रचलित सल्ला ऐकून घरी जावयाचे. कोण कोणत्या गटात, याचा निवाडा बंद लिफाफ्यात. औषधांच्या परीक्षणात रोग्यास कळू न देता खोटी गोळी देता येते. खोटी भाकर मात्र अद्याप कोणास थापता आलेली नाही, त्यामुळे लिफाफा फुटताच सारे उघड झाले. माझ्या वाट्यास प्रचलित सल्ला आला.

सासूबाईंना हा घराण्याचा उपमर्द वाटला. "ज्वारी काय त्यायच्याच घरची हाय? आपल्या वावरात नाही पिकत?" असे म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी भाकरी थापली. ज्या धान्याची भाकर पाहुण्यांपुढे ठेवण्यास त्यांच्या तरुणपणी संकोच वाटे, त्याचा सन्मान २०२३ या भरडधान्य वर्षापासून इतका वाढला होता, की ते न खाण्याचा वैद्यकीय हुकूम सुटला आहे अशी त्यांची समजूत झाली. वस्तुतः त्याच वर्षी सुधारलेली या व्याधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते, की कोणताही एक आहार दुसऱ्याहून सरस असल्याचा पुरावा नाही. समतोल असावा आणि निभावता यावा, म्हणजे झाले. इन्शुलिनला शरीर पुरेशी दाद देत नाही, म्हणून ते रक्तात वाढते आणि बीजकोशांस पुरुषी संप्रेरके अधिक बनविण्यास उत्तेजन देते, ही कार्यकारणाची साखळी मी घरी समजावून सांगितली; ती ऐकून यजमानांनी दुसरा आंबा कापला.

खरी कसोटी होती ती चोवीस तासांच्या आहाराच्या जबानीची. आहारतज्ज्ञ म्हणून नेमलेली एक विनयशील तरुण मुलगी निरनिराळ्या मापांच्या वाट्या मांडून विचारी, "ताई, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?" न्याहारी, दुपारचे जेवण, चहा, रात्रीचे जेवण असे चार रकाने छापलेले होते, आणि जसजशी मी आठवू लागले, तसतसे ध्यानात आले, की माझ्या खाण्यापैकी फारच थोडे या चार रकान्यांच्या हद्दीत घडते. आमटीचे मीठ पाहण्यासाठी तळहातावर घेतलेले चार थेंब, मुलाने टाकलेला अर्धा पराठा, वाया जाईल म्हणून संपविलेला शिळा भात, हळदीकुंकवाला 'नाही' म्हटल्यास यजमानीण दुखावेल म्हणून घेतलेला लाडू, आणि पुण्याच्या नणंदेसाठी आणलेल्या गोरसपाकाच्या पुड्यातून, तो ताजा आहे की नाही याची खातरजमा करण्यासाठी काढलेला एक तुकडा (खातरजमा एका तुकड्याने होत नाही, ही गोष्ट निराळी), यांतील एकाही जिनसेला भोजन म्हणता येईना, आणि सर्वांची बेरीज मात्र भोजनाहून मोठी. शास्त्रज्ञांनी जगातील यच्चयावत अन्नाचे उष्मांक कोष्टकांत बसविले. पण 'टाकवत नाही म्हणून खाल्ले' या पदार्थाची नोंद कोणत्याही कोष्टकात नाही. माझ्या यजमानांना हीच जबानी द्यावी लागती, तर ती चार रकान्यांत बिनतक्रार मावली असती.

पुढच्या तपासणीस सासूबाई माझ्यासोबत आल्या. मी माझी कैफियत नीट मांडीत असता, दोन वाक्यांनंतर त्यांनी मला थांबविले.

"तिले काहून इचारता बाई? मले इचारा. जेवते कुठं थे! उभ्या उभ्या चाखते, अन् पानावर बसली का म्हनते, भूक नाही."

मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग प्रपत्र उलटे केले, मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने एक नवा रकाना आखला, आणि मथळा काय द्यावा याविषयी आदराने सासूबाईंचाच अभिप्राय मागितला.

"चाखणं लिवा," त्या म्हणाल्या, "अन् जागा जरा जास्त सोडा."