हिरव्या बाटलीतलं ऊन

"मामा, नुसती प्यायची नाही," भाचा म्हणाला. "आधी उजेडात धरून बघायची, मग हुंगायची, मग घोट तोंडात घोळवायचा आणि काय काय लागलं ते वहीत लिहायचं." एवढं सोवळंओवळं आमच्या आजोबांच्या पूजेलाही नव्हतं.

बाटली परदेशी होती. युरोपातली लागर, 330 मिलीची, हिरवीगार. नाव सांगत नाही, उगाच कुणाची बदनामी नको. पुण्यातल्या एका वाईन शॉपमधून मीच आणली होती. (ह्या दुकानांत वाईन मागणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.) दुकानदाराने ती काचेच्या शोकेसमधून अशा अदबीने काढली, की वर्तमानपत्रात गुंडाळताना त्यालाच संकोच वाटला असावा. आमच्या नेहमीच्या तपकिरी बाटल्या मागे अंधारात क्रेटमध्ये पडलेल्या होत्या. त्यांचं कोण कौतुक करणार?

'लागर' हा शब्द जर्मन. साठवून ठेवण्यावरून आलेला. थंड तळघरात काही आठवडे मुरवतात म्हणून लागर. आपल्याकडे ठेवणीतली साडी असते तशी ही ठेवणीतली बीअर. आज जगभर जी सोनेरी, आरपार दिसणारी बीअर पितात, तिचं माहेर म्हणजे बोहेमियातलं प्लझेन. तिथली बीअर इतकी बिघडू लागली, की 1838 साली लोकांनी 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. पुणेकर असते तर वाचकांच्या पत्रव्यवहारात एक खरमरीत पत्र पाठवून घरी वामकुक्षीला गेले असते. प्लझेनकरांनी स्वतःचा कारखाना काढला आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. त्याने 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा लावला. गावचं पाणी मऊ, झाटेक गावचे सुगंधी हॉप्स (बीअरला कडूपणा देणारी फुलं) आणि फिकट रंगाचा माल्ट. एरवी काळपट बीअर पिणाऱ्या लोकांना पेल्यात सोनं दिसलं.

तर ते सोनं आमच्या पेल्यात उतरलं. दिसायला तक्रार नव्हती. फेस दोन बोटं. मी नाक खुपसलं आणि थबकलो. काहीतरी होतं खरं, पण काय ते सांगता येईना. भाच्याने मोबाइलमध्ये जाणकारांची मतं उघडली. बिस्किट, ताजं कापलेलं गवत, मध, रानफुलं. ह्यातलं एकही आमच्या पेल्याच्या आसपास फिरकलेलं नव्हतं. खाली एका कोपऱ्यात लिहिलं होतं : क्वचित स्कंकसारखा वास.

आता आली का पंचाईत! स्कंक हा अमेरिकेतला प्राणी. शेपटी वर करून दुर्गंधीची पिचकारी मारतो म्हणे. मी त्याला फक्त चित्रात पाहिलेला, आणि चित्राला वास नसतो. आमच्या नाकाला ओळखीचे ते हिंग, ओली गोणपाटं, पहिल्या पावसातली एसटी आणि फार तर सुकट. उसन्या नाकाने हुंगायचं तरी कसं?

तेवढ्यात शेंगदाण्यांची वाटी घेऊन बायको आली. ती ह्यातलं काही घेत नाही. दारातच नाक मुरडून म्हणाली, "पंक्चरच्या दुकानासारखा वास कसला येतोय?"

भाचा म्हणाला, "मामी, लिहून घेऊ का?"

"लिही की. आणि वर कांदा चिरून रात्रभर उघडा ठेवलाय म्हणावं."

बरोबर दोन वाक्यांत निकाल. मग आम्ही दोघं विद्वान कारण शोधत बसलो. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाला भारी हळवी असतात. बीअरमध्ये ब-2 जीवनसत्त्व असतं. ते प्रकाश शोषून घेतं आणि त्या कडू द्रव्यांची मोडतोड घडवून आणतं. सुटलेले तुकडे गंधकाशी हातमिळवणी करतात आणि स्कंकच्या पिचकारीतल्या द्रव्याचं सख्खं चुलत भावंड जन्माला येतं. लिटरमागे ग्रॅमचा काही अब्जांश एवढं असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी जवळजवळ नाही. म्हणजे शोकेसमध्ये, पश्चिमेच्या उन्हात, डोक्यावर ट्यूबलाइट घेऊन मिरवणारी पाहुणी कौतुकापायी नासली होती आणि अंधारातल्या तपकिरी बाटल्या ठणठणीत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "मागच्या खोक्यातली द्या," म्हटलं. दुकानदार दुखावला. "साहेब, ही पुढचीच घ्या ना, पुसून ठेवलीय." शेवटी खोकं फोडून दिली, पण गिऱ्हाईक जरा चक्रम आहे हे त्याच्या चेहऱ्यावर आलंच.

ही मात्र वेगळी निघाली. पहिल्या वासालाच मी म्हणालो, "सातूचं पीठ!" जाणकारांचं बिस्किट ते हेच असणार. आणि का नसावं? सातू म्हणजेच बार्ली. ती भिजवायची, मोड आणायचे, भट्टीत वाळवायची, झाला माल्ट. आमची आई नाचणीचं सत्त्व करायची तेव्हा दुसरं काय करत होती? रात्री भिजत घातलेली नाचणी, ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं, त्यातून डोकावणारे पांढरे मोड, मग सावलीत वाळवण आणि लोखंडी कढईत भाजताना घरभर सुटणारा तो गोडसर, खरपूस वास. तीच पायरी प्लझेनच्या कारखान्यात. पुढे आई दळणाकडे वळायची आणि ग्रोल पिंपाकडे, एवढाच फरक. (आईला हे सांगायची माझी छाती नव्हती.) कडूपणाही ओळखीचा निघाला. आधी गोडाने फसवून मग जिभेच्या मुळाशी ठाण मांडणारा, डिंक-मेथीच्या लाडवासारखा.

भाच्याने वहीत लिहिलं : "सातू, मेथी. दहापैकी सात." मी म्हटलं आठ दे. तो म्हणाला, "मामा, काल पंक्चरचं दुकान होतं, विसरलात?"

रिकामी बाटली बायकोने धुऊन घेतली. हिरव्या काचेत मनी प्लँट छान दिसतो म्हणाली. आता ती खिडकीत आहे, तिथे दुपारी मस्त ऊन येतं.