टिकटिक, मार्गे उमरोळी

पालघरहून सकाळी निघालेल्या महिंद्रा एमएम ५४० जीपने आधी सगळी आळी उठवली. बॉनेटखालून टिक-टिक-फट् असा आवाज येत होता. शेजारच्या काकांच्या मते टॅपेट, दूधवाल्याच्या मते नोझल, आणि मागे बसलेल्या मेव्हण्याच्या मते, "भावोजी, ही आता विकाच."

आवाज खरं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा होता. बिडाचा मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला जिथे बसतो, तिथली पातळ पट्टी जळाली की धूर सायलेन्सरपर्यंत जायची तसदी घेत नाही. मधूनच निसटतो, तोही आवाज करून.

पण हा आजार इंजिन थंड असतानाच जास्त बोलतो. बीड तापून फुगलं की फट बुजते. कोळगावला जिल्हाधिकारी कार्यालयापाशी टिकटिक निम्मी झाली (१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून या रस्त्यावर तक्रारी घेऊन येणारे पुष्कळ, इथवर येऊन तक्रार विसरणारी ही पहिलीच असावी). उमरोळीला ती कुजबुजीवर आली. बोईसरच्या गॅरेजसमोर उभी राहिली तेव्हा जीप तपासनीस आलेल्या वर्गासारखी गप्प होती.

मिस्त्रींनी कान लावला. "शेठ, इंजिन मस्त आहे."

"आत्ता आहे! सकाळी ऐकायला हवं होतं."

"मग थंड होऊ द्या. चहा सांगू?"

बीड थंड व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात मेव्हणा तारापूर बघायला निघाला. तारापूर एमआयडीसी बोईसरला, तारापूर अणुवीज केंद्र पश्चिमेला समुद्राकाठी, आणि खुद्द तारापूर गाव आणखी उत्तरेला खाडीकाठी, मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला सांभाळत बसलेलं. रिक्षावाल्याने "कुठलं तारापूर?" एवढंच विचारलं. मेव्हणा परत टपरीवर.

पुन्हा स्टार्टर मारला आणि टिकटिक हजर! मालकाला इतका आनंद झाला, की बघणाऱ्याला गाडी दुरुस्तच झाली असं वाटावं. मिस्त्रींनी रबरी नळीचा तुकडा एका टोकाने कानाला लावला आणि दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी ते थांबले. तिथे काजळीचा काळा ओघळही होता.

पॅकिंग बदलणं म्हणजे काम असं नाहीच. काम म्हणजे नट सोडवणं. खारी हवा, पावसाळे आणि रोजचं तापणं-निवणं यांनी नट आणि स्टड एकजीव झालेले. तेल सोडून झालं, गॅसच्या ज्योतीने नट लाल करून झाले. एकेक सुटत गेला आणि शेवटच्याने "कट्" म्हटलं. स्टड हेडमध्येच तुटला.

"चार-दोन कोसांवर १९६९ पासून अणू कोंडून वीज काढतायत," मेव्हणा म्हणाला, "आणि भावोजींना धूर कोंडता येईना."

मिस्त्रींनी उरलेल्या थोटकावर नट वेल्ड केला. वेल्डिंगच्या आचेने गंज ढिला झाला आणि रिंग पान्याने थोटूक अलगद फिरून बाहेर आलं. मग मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फटीत फीलर गेज घातलं. वाकला होता. उद्योगांच्या गावात बंद पडण्याचा फायदा इथे कळतो: फेसिंग करणारी मशीन शोधत फिरावं लागलं नाही.

जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं. मालक फुंकर मारणार, तोच मिस्त्री ओरडले, "फुंकू नका! ती भुकटी छातीत जाते." पाणी मारून ते ओलंच खरवडलं. पार्ट्सच्या दुकानात प्रश्न आला, "प्युजो की डीआय?" ही जीप प्युजोच्या परवान्यावर बनलेल्या २११२ सीसी डिझेल इंजिनची, हे मालकाने छाती पुढे काढून सांगितलं. नवं पॅकिंग बसलं. नट मधून कडांकडे, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्यांनी आवळले. एकच कोपरा आधी करकचला तर पट्टी पुन्हा जळायचीच.

चाचणी चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत ठरली. टिकटिक गेली, त्यामुळे मेव्हण्याचं बोलणं प्रथमच नीट ऐकू येऊ लागलं. पण नटांवर ओतलेलं तेल तापून जळायला लागलं, आणि किनाऱ्यावर जीप थांबताच बॉनेटमधून निळसर धूर निघाला.

"पेटली, पेटली!" म्हणत सहलीला आलेल्या दोघातिघांनी पाण्याच्या बाटल्या उघडल्या. मालक हात पसरून बॉनेटवर आडवा झाला. "पाणी नको! तापलेलं बीड तडकेल!" आणि बॉनेटही तापलेलंच असल्याने तितक्याच चपळाईने उठला. तोवर मेव्हण्याच्या डोक्यावर एक बाटली रिकामी झाली होती.