तीन पीसी, एक वर्ष

अँटीव्हायरस कुठला घ्यावा, असं नानांना विचारायचं असेल तर आधी जेवून घ्यावं. ते उत्तराला १९८६ पासून सुरुवात करतात. त्या साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस सोडला आणि त्यात स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घालून ठेवला. नानांना याचं फार कौतुक. “लबाडी केली, पण रीतसर. पत्रव्यवहार करता येत होता. आजचे व्हायरस बघा, ना आगा ना पिछा!”

नाना पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. ते शाखेत येणार म्हटल्यावर कॅशियर बंडलं पुन्हा मोजायला घ्यायचे, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर तपासायला उरलं दुधाचं बिल आणि काकूंची फोडणी. बिल नेमकं बरोबर निघायचं आणि फोडणीबद्दल बोलायची सोय नव्हती. तेवढ्यात मुलगा परदेशी गेला, जाताना आपला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला, आणि नानांना शाखा मिळाली.

मुलगा बजावून गेला होता, की विंडोजमध्ये डिफेंडर असतोच, वेगळं काही घेऊ नका, अपडेट मात्र चुकवू नका. माझंही मत तेच. मेल, फोटो आणि विजेचं बिल एवढाच कारभार असलेल्या घराला तेवढं पुरतं. पैसे घालवायचेच तर बॅकअपसाठी एक हार्ड डिस्क आणावी. पण फुकट म्हटल्यावर नानांच्या कपाळाला आठी. “बिल्डरनं दिलेला वॉचमन आहे तो. सलाम बिल्डरलाच ठोकणार.” मी जर्मनीतल्या एव्ही-टेस्टचा निकाल दाखवला. संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना तिथे प्रत्येकी ६, असे १८ गुण असतात. डिफेंडरला १८ पैकी १८ होते. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. “पैकीच्या पैकी? पेपर फुटलाय.”

मग खरेदीची मोहीम. काटकर बंधूंचं क्विक हील, म्हणजे कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून वर आलेली पुण्याचीच कंपनी, म्हणून पहिला कौल तिकडे. पण नेट प्रोटेक्टरही पुण्याचंच निघालं आणि गावकीचा मुद्दा बाद झाला. नानांनी फुलस्केपवर रकाने आखले. त्यातला ‘नूतनीकरण’ हा रकाना मात्र लाख मोलाचा, हे कबूल करायला हवं. पहिल्या वर्षी भरघोस सवलत असते; दुसऱ्या वर्षी मोजावी लागते ती पूर्ण किंमत. ती कुणी विचारत नाही. नानांनी ती विचारून विचारून दुकानदाराला दुपारच्या झोपेला मुकवलं.

बेरजा झाल्यावर असं दिसलं, की ‘एक पीसी, एक वर्ष’ घेण्यापेक्षा ‘तीन पीसी, एक वर्ष’ हे दर पीसीला बरंच स्वस्त पडतं. घरात पीसी एकच, ही बाब गौण ठरली. खोका आला. उरलेल्या दोन जागा भरायला नाना नात्यागोत्यात हिंडले. एक साडूंच्या गळ्यात मारली. तेव्हापासून दर रविवारी साडूंना फोन जातो, “फुल स्कॅन झाला का?” साडू हल्ली रविवारी पहाटेच देवदर्शनाला निघतात. तिसरी जागा रिकामी राहिली, ती नानांना दाढेत अडकल्यासारखी सलते.

स्वतःचा स्कॅन शनिवारी दुपारी. नाना खुर्ची ओढून पडद्यासमोर बसतात. फाइलींची नावं सरसर पळत असतात आणि नाना ती वाचायची धडपड करतात. काकूंनी चहा आणला तर हातानंच थांबवतात, “नव्वद टक्के झालंय.” शेवटी हिरवी खूण येते, धोका आढळला नाही. नाना खट्टू. “काहीच नाही? नीट बघितलंय का यानं?” मग ते आयकारची चाचणी फाइल उतरवतात. ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ. अँटीव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवून तिला व्हायरस मानलेलं आहे, माल जागा आहे की झोपलाय हे कळावं म्हणून. लाल चौकट फडकन उघडते, नाना “शाब्बास!” म्हणतात आणि गार चहा आनंदानं पितात.

मध्यंतरी त्यांनी पहिल्यावर नजर ठेवायला दुसरा अँटीव्हायरसही बसवला होता. दोघंही प्रत्येक फाइल अडवून तपासणारे. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत काकूंची कणीक मळून व्हायची. दुसरा काढला, पण कारण लेखी नोंदवून.

परवा मी सोसायटीच्या पावतीसाठी गेलो असताना फोन आला. नानांनी सवयीनं स्पीकर लावला. “सर, विंडोज डिपार्टमेंट से बोल रहा हूं. आपके कॉम्प्युटर में व्हायरस है.” असला फोन सरळ ठेवून द्यावा, ही मंडळी कॉम्प्युटरचा ताबा मागतात आणि मग खातं धुऊन नेतात. मी खुणा करत होतो. पण नानांच्या चेहऱ्यावर तेज चढलं होतं.

“कौनसा व्हायरस? नाम बोलो. कब घुसा? तारीख बोलो, टाइम बोलो.”

पोरगा गडबडला. त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावलं. तिथे धडधाकट कॉम्प्युटरवरही लाल खुणा असतातच, त्या दाखवून माणसाला घाबरवायचं ही त्यांची रीत. नानांनी एकेक नोंद मोठ्यानं वाचायला घेतली, तारीखवार. दोनदा “आगे लिखो” म्हणाले. पलीकडून उसासे ऐकू येऊ लागले. यादी संपल्यावर नानांनी विचारलं, “आपके खुद के मशीन पे कौनसा अँटीव्हायरस है?”

“फ्रीवाला है, सर.”

“फ्री? अरे बेटा!” नानांनी खण ओढून खोका बाहेर काढला. “मेरे पास तीन पीसी का है. एक जगह खाली है. की लिख लो, पहला अक्षर...”

फोन कट.

“बघ,” नाना माझ्याकडे वळून म्हणाले, “हाही आमच्या साडूंसारखाच.”