दुसऱ्याच्या नाकात नाक खुपसणारे काका

सदाशिव पेठेतला वाडा पडून तिथं पाच मजली इमारत उभी राहते, पण वाड्यातले काका काही जात नाहीत. बिल्डर त्यांना पार्किंगबरोबर सक्तीने देत असावा. बँकेतून निवृत्त, सकाळी सारसबागेला फेरी, दुपारी एक ते चार झोप, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या मुलांच्या सवयी. स्वतःची मुलं एव्हाना त्यांच्या तावडीतून सुटून अमेरिकेला पोचलेली असतात, सवयींसकट.

तळमजल्यावरचं पहिलीतलं पोर नाकात बोट घालतं, हे काकांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांनी जिन्यात प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी काका दारात हजर.

"हे बघ, प्रश्न नाकाचा नाही, संस्कारांचा आहे."

"काका, लहान आहे हो तो. सुटेल हळूहळू."

"हळूहळू म्हणता म्हणता दहावीला बसतात पोरं."

आई बिचारी चहा टाकते. पुण्यात काका आत आले की चहा टाकावाच लागतो. न टाकला तर तोही विषय होतो.

पहिला उपाय कारल्याचा रस. "पण काका, नाकाला चव कुठे असते?" असं आई विचारते. काका आवाज खाली आणून म्हणतात, "नाकातून निघाल्यावर ते बोट पुढे कुठे जातं, ते मी पाहिलंय." यावर कुणाकडेच उत्तर नसतं. रस लागतो. पोरगं ते बोट वर्ज्य मानून शेजारचं वापरायला लागतं. बोटं एकूण दहा असतात, हे योजनेत धरलेलं नसतं.

मग जिन्यात, बरोबर साडेतीन फुटांवर, पाटी लागते : 'येथे नाकात बोट घालू नये. नाक आपले असले तरी जिना सर्वांचा आहे. – हुकमावरून.' पोराला अजून जोडाक्षरं नीट येत नसल्यामुळे ते ती पाटी मोठ्यानं, एकेक अक्षर लावत वाचतं. वाचताना विचार करावा लागतो आणि विचार करताना बोट कुठे जातं हे सांगायला नकोच.

काकांचा खरा विश्वास मात्र चारचौघांत लाज काढण्यावर. 2018 च्या नोव्हेंबरात पुणे महापालिकेनं रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंड केला आणि वर त्यांची थुंकी त्यांनाच पुसायला लावली. त्या बातमीचं कात्रण काकांच्या पाकिटात असतं. मोठी माणसं सुधारतात तर हे चिरंजीव का नाही, असा त्यांचा सवाल. मोठी माणसं सुधारली की नाहीत, ते कुठल्याही सिग्नलला दुभाजकाकडे बघून ठरवावं.

एकदा पोराच्या बाबांनी धीर करून मोबाइलवरची माहिती वाचून दाखवली. बंगळूरच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी चार शाळांतल्या 200 मुलामुलींना या सवयीबद्दल विचारलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी कबुली दिली, आणि मधला आकडा दिवसाला चार वेळा असा निघाला. या संशोधनाला 2001 साली इग्नोबेल पारितोषिकही मिळालं.

"ते बंगळूरचं झालं," काका म्हणाले. "इथे नाही चालत."

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका पाहणीत, 1995 साली, उत्तर देणाऱ्या प्रौढांपैकी 91 टक्क्यांनी हेच कबूल केलं होतं. राहिलेले मूळचे पुण्याचे असावेत. अलका टॉकीजच्या चौकात लाल दिवा लागला की गाड्यांच्या बंद काचांमागे काय काय चालतं ते पाहा. काच पारदर्शक असते हे गाडीवाल्याच्या ध्यानातच नसतं.

उपायांचा कळस म्हणजे वही. दोनशे पानी, बँकेतल्या सवयीनं रकाने आखलेली : तारीख, वेळ, नाकपुडी (डा./उ.), प्रसंग, शेरा. संध्याकाळी काका ओट्यावर पोराला समोर बसवून मागच्या नोंदी वाचत. पान उलटायचं म्हणजे बोट आधी जिभेला लागणार. नोटा मोजण्यात पस्तीस वर्षं गेलेली. पोरानं दोन-तीन पानं मुकाट्यानं पाहिलं. मग म्हणालं, "काका, तुम्ही बोट चाटलंत. लिहा की."

काकांनी चष्मा पुसला. हिशेबाचा माणूस, खोटं लिहिणं रक्तात नाही. पण त्या नोंदीला नाकपुडीचा रकाना कसा भरायचा, या अडचणीवर त्यांनी वही मिटली.

थंडीत पोराचा घोळणा फुटला तेव्हा काका फोडलेला कांदा घेऊन धावत आले आणि "मान मागे टाक!" म्हणून ओरडू लागले. आईनं या वेळी ऐकलं नाही. पोराला किंचित पुढे वाकवून बसवलं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत दाबून धरला. रक्त थांबलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते फारच साधं निघालं : कोरड्या हवेनं आणि धुळीनं नाकात खपली धरते, ती टोचते, म्हणून पोर बोट घालतं, बोटानं आत ओरखडा उठतो आणि पुन्हा खपली. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते नेमकं नखाच्या टप्प्यात. नखं आखूड ठेवा, सलाईनचे थेंब घाला, खिशात रुमाल द्या, हात धुवायला लावा, टीव्ही बघताना हाताला काहीतरी चाळा द्या. आणि ओरडू नका.

त्या थंडीनंतर सवय बरीच कमी झाली. पाटी तेवढी अजून आहे. काका येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवून सांगतात, "गुण आला."

तुमच्या घरात असं पोर असेल तर नखं कापा, थेंब आणा, थोडी कळ सोसा. काकांना मात्र जिन्यातच नमस्कार करा, चहाला आत बोलावू नका.